आडवी टाकी, उभी काठी

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार

ठण्ण्, ठण्ण्, ठक्. दोन लांब, एक आखूड.

अठ्ठावन्न वर्षं झाली, पण पहाटे जाग येते ती अजून याच आवाजानं. मी दहा वर्षांचा, याच बोर्डिंगात, भिंतीकडेच्या तिसऱ्या वळकटीवर. बाहेर अंगणात चुलाण्यावर तांब्याचा भलाथोरला हंडा, खाली लाकडांचा जाळ आणि गुंडू नावाचा ताडमाड गडी. तो काठीनं हंड्याच्या पोटावर वाजवायचा आणि ओरडायचा, "उठा रं, पाणी तापलंय!" पुढं शाळेत गण शिकलो तेव्हा कळलं की गुरू, गुरू, लघु म्हणजे तगण. पण मला तो त्या काठीनं आधीच पाठ करून दिला होता. हंडा रिकामा होत आला की आवाज बदलायचा. गुंडू कान देऊन सांगायचा, "आजून सोळा पोरांचं हाय." आणि खरोखर सतराव्याला गार पाणी मिळायचं. तो सतरावा बहुधा मीच असे.

गुंडू आता कुठला असायला! चुलाणं गेलं, हंडाही गेला. चार वर्षांपूर्वी डिझेलवर चालणारा बंब आला. दहा वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालेला मी, बसाप्पा गुरुजी, जूनपासून इथंच मानद रेक्टर म्हणून राहायला आलो आहे. दीडशे मुलं आणि मागच्या दोन खोल्यांत मी व रुद्राणी.

आजपासून वही उघडायला कारण घडलं. काल अध्यक्ष मल्लेशअण्णा येऊन म्हणाले, "गुरुजी, बंबाला डिझेल लई जातंय. दोन महिन्यांत आटोक्यात आणा. न्हाईतर थंडीत पोरांना गरम पाणी एक दिवसाआड." मी म्हटलं, "अण्णा, छत्तीस वर्षं मी मुलांच्या कवितेतल्या चुकलेल्या मात्रा शोधल्या. तेलातल्या चुकलेल्या मात्रा सापडणार नाहीत?"

हसले. विश्वास बसलेला दिसला.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

बंब पाहणारा केरबा नावाचा गडी आहे, उचगावचा. पन्नाशीला आलेला, कमी बोलणारा. तेल किती उरलं हे तो कसं ठरवतो ते आज पाहिलं. टाकी हजार लिटरची, मोठं पिंप आडवं झोपवावं तशी ओट्यावर ठेवलेली. वरच्या तोंडातून तो एक कळकाची काठी आत सोडतो, तेलाचा ओला डाग कुठवर आला ते बघतो आणि काठीवरच्या खुणा मोजतो.

पण काय त्या खुणा! चाकूनं पाडलेल्या. तळाला दूरदूर, मध्ये दाटीवाटीनं आणि वरच्या टोकाला पुन्हा विरळ. पहिल्या यत्तेतल्या पोरानं काढलेल्या रेघा बऱ्या.

"केरबा, अंतर सारखं का नाही?"

"सारखं नसतंयच की, गुरुजी."

"का बरं?"

"टाकीच तशी हाय. आमच्या म्हाताऱ्यानं पाडल्यात त्या खुना, कळशी कळशी वतून. येक खून म्हंजे दोन कळश्या."

म्हाताऱ्याच्या डोळ्याला काय दिसत असेल ते दिसतंच आहे. शिवाय केरबाला एक खोड आहे. मोजून झालं की टाकीच्या पोटावर वरून खाली बोटाच्या पेरानं टकटक करतो आणि कान लावतो, जणू वैद्यच.

मी सुताराकडून सागवानी पट्टी करून आणवली. टाकीच्या उंचीइतकी, तिच्यावर शंभर सारख्या खुणा, प्रत्येक खूण दहा लिटर. रेखीव. एखादं वृत्त कागदावर उतरावं तशी.

"मग ही नेऊ काय घरला?" जुनी काठी हातात धरून केरबा म्हणाला.

"ने. चुलीत घाल."

त्यानं ती चुलीत घालायच्या लाकडासारखी धरली नव्हती, एवढं मात्र लिहून ठेवतो.

१५ नोव्हेंबर, रविवार

इंधन बचतीची एक सरकारी पुस्तिका मिळाली आहे. दोनदा वाचली. गोष्ट सोपी आहे. बर्नर तेलाचा फवारा उडवतो, पंखा त्याला हवा देतो, फवारा पेटतो. तो जाळ नळ्यांमधून जातो, नळ्यांभोवती पाणी असतं, पाणी तापतं आणि उरलेला धूर चिमणीतून जातो. हवा कमी पडली की तेल अर्धवट जळतं, काळा धूर होतो.

आमच्या चिमणीतून काळा धूर येतच होता. मी हवेची झडप पूर्ण उघडली. धूर गेला! आकाश स्वच्छ. मागच्या अंगणात उभ्या उभ्या भुजंगप्रयातात दोन ओळी सुचल्या:

तपे तेल जेथे तिथे धूर नाही,
जळे व्यर्थ त्याची कुणा चाड नाही.

केरबाला म्हणून दाखवल्या. तो चिमणीकडं बघत होता.

"धूर गेला खरं गुरुजी, पर झडप लई उगडली. हवा बी तापवावी लागतीया न्हवं? ती फुकट तापून वर चाललीया. चिमनीला हात लावून बघा, सगळी ऊब कावळ्यास्नी. जरासा धूर दिसंस्तवर झाकायची आन् तिथनं येक केसभर उगडायची."

"पुस्तिकेत लिहिलंय, धूर म्हणजे नुकसान."

"व्हय, ते बी खरंच हाय. आन् तेवढा तारंचा ब्रश द्या की. दसऱ्यापास्नं मागतोय. नळ्या झाडाय पायजेत."

ब्रश आणायचं राहूनच जातंय. उद्या नक्की.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

काल दुपारी टँकर आला. टाकी गळ्यापर्यंत भरली, माझी पट्टी हजारावर. आज दुपारी त्याच वेळी पुन्हा पट्टी सोडली.

नऊशे वीस.

एका दिवसात ऐंशी लिटर! मी तीनदा मोजलं. केरबाला विचारलं तर म्हणाला, "येवढं जात न्हाय गुरुजी. चाळीस जातंय."

"पट्टी खोटं बोलते?"

"मला तुमची पट्टी कळत न्हाय."

२१ नोव्हेंबर, शनिवार

काल पन्नास, आज पंचेचाळीस. उतरतंय. मी दोन वेळा अंगणात चक्कर मारून येतो, त्याचा परिणाम असावा. शिक्षकानं वर्गात नुसतं उभं राहिलं तरी आवाज खाली येतो.

३० नोव्हेंबर, सोमवार

आठवडाभर रोज बत्तीस, तेहेतीस. एकसारखं, जणू ओवीचे चरण. मग पहिल्या दिवशीचे ऐंशी कुठं गेले?

मन नको तिकडं जातं. टाकी काठोकाठ भरलेली असताना दोन डबे काढले तर कुणाला कळणार? चोर भरल्या कणगीतच हात घालतो. केरबाच्या मेहुण्याचं शिरोळला नदीकाठी डिझेल इंजिन आहे म्हणे. स्वयंपाकघरातल्या तानाबाईनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. म्हणजे, तसं थेट विचारलं नव्हतं.

रुद्राणीला बोललो. ती वांगी चिरत होती. "अय्यो, तो? जूनपास्नं बघतीया, त्यानं कुणाचा पेला उचलला न्हाई," म्हणाली.

"माणूस कळायला तर्क लागतो."

"आन् वांगं कळायला चिरावं लागतं," म्हणाली आणि एक किडकं बाजूला टाकलं.

८ डिसेंबर, मंगळवार

काल पुन्हा टँकर आला. आज पट्टी: नऊशे वीस. पुन्हा ऐंशी! नेमकं टाकी भरल्याच्या पहिल्याच दिवशी. संशयाला आता जागा उरली नाही.

संध्याकाळी फाटकात उभा राहिलो. केरबा सायकलवरून निघाला. कॅरिअरला वीस लिटरचा कॅन, गोणपाटात गुंडाळून दोरीनं आवळलेला.

"काय आहे त्यात?"

"पानी, गुरुजी."

"उचगावात पाणी नाही?"

मान खाली. "गरम हाय."

गरम पाणी, पाच-सहा किलोमीटर, सायकलवरून! काहीतरी पटेल असं तरी सांगावं. झाकण उघडून बघण्याइतका मी हलका नाही. त्याचा चेहराच पुरे होता, चोरी पकडली गेलेल्या माणसाचा. हे मी शपथेवर सांगू शकतो, इतकी वर्षं मी कॉपी करणारी पोरं पाहिली आहेत.

तिथंच म्हटलं, उद्यापासून येऊ नको. मुलं जेवायला निघाली होती, ती थबकली.

केरबा म्हणाला, "कामावरनं काडा. चोर म्हनू नगासा."

मी नियमाप्रमाणं फळ्यावर लेखी सूचना लावली. "केरबा गुंडू पोवार यांस डिझेलच्या चोरीच्या संशयावरून कामावरून कमी करण्यात येत आहे." अक्षर चांगलं आलं. रात्री जेवताना मुलं 'तेल गेलं, तूप गेलं' असं काहीतरी ताल धरून म्हणत होती. मी रागावलो नाही.

 रुद्राणीनं भाकरी वाढली, ताक वाढलं आणि पाठ करून भांडी आवरत बसली.

१३ डिसेंबर, रविवार

नवा गडी मिळेपर्यंत बंब मीच पाहतो. अवघड काही नाही. पण पाणी उशिरा तापतं, म्हणून उद्यमनगरातून श्रीशैल मेकॅनिकला बोलावलं. तिशीतला मुलगा, कानावर पेन्सिल. आल्या आल्या चिमणीवर हात ठेवला आणि चटका बसून मागं घेतला.

"कुणी उघडली एवढी झडप?"

मी म्हटलं, असेल कुणीतरी.

त्यानं पुढचं झाकण काढलं. नळ्यांत बोटभर काजळी. "गुरुजी, ही काजळी म्हंजे नळीला आतनं घातलेली वाकळ. जाळाची ऊब पाण्याला लागतच न्हाई, तशीच चिमणीतनं जातीया. ब्रश न्हाई मारत कोण?"

मारणारा दसऱ्यापासून ब्रश मागत होता, हे मी त्याला सांगितलं नाही. इथं लिहितो, म्हणजे झालं.

त्यानं नळ्या झाडल्या. झडप आधी झाकली, जरासा धूर दिसू लागला, मग केसभर उघडली. अगदी केसभर. जाळ पिवळाजर्द, स्थिर, देवघरातल्या निरांजनासारखा. फवाऱ्याची तोटी नवी घातली. "ही ताशी वीस लिटर टाकते. बर्नर चालू असेल तेवढा वेळ मोजा, गुणा, तेल कळतंय. पट्टीची गरजच न्हाई."

गरम पाण्याच्या नळाला मी रुद्राणीची जुनी वाकळ गुंडाळली. आंघोळीही एका दमात उरकून घ्यायच्या ठरवल्या, म्हणजे बंब सारखा पेटायला नको.

२० डिसेंबर, रविवार

पट्टीवर रोज चोवीस! ऐंशीवरून चोवीस. मल्लेशअण्णांना कळवलं. ते स्वतः आले, पट्टी हातात घेऊन बघितली, पाठ थोपटली. म्हणाले, "गुरुजी, सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर तुमचा सत्कार. चोरीही पकडली, तेलही वाचवलं. दोन शब्द बोलायचे." मी आजपासूनच दोन शब्द जुळवतो आहे. सध्या ते दोनशे झालेत.

२७ डिसेंबर, रविवार

बंबाच्या खोलीत बसून बर्नरचा वेळ मोजायला लागलो आहे. वाफेनं चष्मा पांढरा होतो, घड्याळ दिसत नाही. मग युक्ती काढली. भुजंगप्रयाताचा एक श्लोक म्हणायला मला बरोबर पाव मिनिट लागतं. शाळेच्या घड्याळावर पूर्वीच ताडून ठेवलेलं आहे. बर्नर पेटला की श्लोक सुरू, विझला की थांबायचं. दहा श्लोकांना एक चिंचोका डबीत. रोज छत्तीस चिंचोके. म्हणजे नव्वद मिनिटं, म्हणजे तीस लिटर.

पट्टी चोवीस म्हणते. सहा लिटर कमी जळूनही पाणी तापतं आहे, हा माझ्या व्यवस्थेचा गुण.

२ जानेवारी १९९९, शनिवार

काल टँकर आला. टाकीच्या कुलपाची किल्ली माझ्या जानव्या... नव्हे, आम्ही लिंगायत, माझ्या गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यात. काल दुपारपासून आज दुपारपर्यंत टाकीपाशी माझ्याशिवाय कुणी गेलं नाही.

चिंचोके छत्तीस. तीस लिटर.

पट्टी नऊशे तीस.

एका दिवसात सत्तर. केरबा तर कधीचाच गेलेला. चोर कोण?

४ जानेवारी, सोमवार

झोप नीट नाही. कुठं गळती नाही, ओट्याखाली वर्तमानपत्र अंथरून पाहिलं. कोरडं. चिंचोके पुन्हा मोजले. माझे श्लोक चुकू शकतात का? एखादे वेळी शब्दात रमतो हे खरं, पण चाळीस लिटरचं रमणं शक्य नाही.

रुद्राणी हौदावर घागर भरत होती. तिला म्हटलं, श्लोक खरे की पट्टी खरी?

तिनं घागर कमरेला घेतली आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिचा नवरा नसून चुकलेला विद्यार्थी आहे.

"घागरीच्या गळ्याशी चार बोटं पाणी म्हंजे किती? तांब्याभर. पोटाशी चार बोटं म्हंजे? अर्धी बादली. टाकी आडवी झोपलीया न्हवं? मग तिला पोट हाय. गळ्याशी अरुंद, पोटाशी रुंद. थोडं तेल गेलं तरी वरनं चटाचटा खाली दिसणार, पोटाशी आलं की दमानं. शाळंत हे शिकवत न्हाईत व्हय?"

मी तिथंच हौदाच्या कडेवर बसलो. सारख्या अंतराच्या खुणा. रेखीव. माझ्या. वर टोकाला थोडं तेल गेलं की पट्टी म्हणणार खूप, मध्ये खूप गेलं तरी म्हणणार थोडं. ऐंशी नव्हते, चाळीसच होते. चोवीसही नव्हते, तीस होते. आणि त्या कळकाच्या काठीवरच्या वेड्यावाकड्या खुणा: टोकांना विरळ, पोटाशी दाट. कळशी कळशी ओतून.

ती काठी मी चुलीत घालायला सांगितली.

५ जानेवारी, मंगळवार

फळ्यावरची सूचना काढून टाकली. महिना होत आला, तरी कुणी काढली नव्हती. टाचणीची चार भोकं राहिली.

तीस लिटर म्हणजेही चाळीसच्या मानानं मोठीच बचत आहे, हे स्वतःला सांगितलं. खरंही आहे. सत्कार वाया जाणार नाही. केरबाचं तेवढं शांतपणे निस्तरून टाकू.

१० जानेवारी, रविवार

उचगावला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. "बोर्डिंगातनं काढलेला केरबा" म्हटलं की बोट दाखवतात.

दारात त्याची बायको, चिमणाबाई, शेणी थापत होती. हात न धुता उभी राहिली. "कोन पायजे, पावणं?"

नाव सांगितलं. तिचा चेहरा बदलला नाही. तेच जास्त लागलं.

"ते शिरोळच्या गुऱ्हाळावर गेल्यात, चुलवाणात जाळ घालाय. हितं काम कोन देतंय? पोरगीचं जमलेलं लगीन बी थांबलंय. पावणी म्हनत्यात, चोराचं घर नगं."

आतल्या अंधारात बाजेवर वाकळ पांघरून कुणीतरी पडलं होतं. खोकला. मग बाजेच्या पायावर काठीनं टक, टक. "कोन आलंय गं?"

"कोन न्हाय, मामंजी."

मी म्हणालो, "केरबाला म्हणावं, एकदा भेटून जा." इतकंच निघालं. घरून येताना तीन वाक्यं तयार केली होती, तिन्ही यमकात. तिथं एकही उघडलं नाही.

परत येताना बसमध्ये वाटलं, निरोप तर दिला. तो आला की सांगू.

१८ जानेवारी, सोमवार

तो आला नाही. सत्काराचं पत्र आलं, ठळक अक्षरात: 'चोरीस आळा'. अण्णांना फोन करून म्हटलं, ते शब्द गाळता येतील का? म्हणाले, "छापून झालं गुरुजी, आता कशाला लाजताय?"

मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. 

समारंभ झाला की लगेच सांगेन. पाहुणे जाऊ देत. दीडशे मुलांसमोर रेक्टरनं पडणं मुलांच्याच दृष्टीनं बरं नाही. हा विचार मला पटतो. दिवसातून तीनदा पटवून घ्यावा लागतो, एवढंच.

२५ जानेवारी, सोमवार

दोन भाषणं लिहिली आहेत. एक बंबाचं: हवा, काजळी, चिमणी, वाकळ, तीस लिटर. उत्तम उतरलं आहे, मध्ये माझ्या दोन ओळी. दुसरं चार वाक्यांचं: पट्टी माझी चुकली. केरबा पोवार चोर नाही. ब्रश मी दिला नाही. मला क्षमा करा.

रुद्राणीला दोन्ही वाचून दाखवली.

"पहिलं छान हाय," म्हणाली. "दुसरं कोण वाचणार?"

दोन्ही कोटाच्या खिशात ठेवली. डावीकडं पहिलं, उजवीकडं दुसरं. उद्या ज्या खिशात हात जाईल ते. नाही, असं लिहिणं बरं नाही. पण लिहिलं गेलं.

२६ जानेवारी, मंगळवार, पहाटे

घाईत लिहितो. चष्मा घ्यायला आत आलोय आणि हे लिहिल्याशिवाय हात राहत नाही.

पाच वाजता जाग आली. ठण्ण्, ठण्ण्, ठक्. नेहमीचंच, म्हणून कूस बदलली. पुन्हा तेच. मग रुद्राणी म्हणाली, "अवो, दार वाजतंय."

स्वप्नातला आवाज तिला कसा ऐकू आला?

दार उघडलं. केरबा असेल असं धरून चाललो होतो, तोंडात पहिलं वाक्यही तयार होतं. पण दारात ऐंशीच्या पुढचा एक म्हातारा, कंबरेत वाकलेला, अंगावर वाकळ. ताडमाड असावा एके काळी. मागं रस्त्यावर दुधाचा टेंपो उभा, त्यातून आला असणार. हातात कळकाची काळी काठी. खुणा टोकांना विरळ, मध्ये दाट. त्याच काठीनं चौकट वाजवत होता.

"वळखलं न्हाईस, बसू? तिसऱ्या वळकटीवरला तू. सतरावा आला की गार पान्यानं रडायचास."

गुंडू. केरबा गुंडू पोवार. मी माझ्या हातानं लिहिलं होतं, चांगल्या अक्षरात.

पाया पडायला वाकलो तर काठी आडवी केली. "ऱ्हाऊ दे. त्या दिशी दारातनं परत गेलास, तवा सुनंकडनं नाव काडून घेतलं मी. वाट बघितली, येशील म्हनून. न्हाईस आलास."

"गुंडूबाबा, माझी चूक..."

"मला नगं सांगू. मला ठावं हाय. आदी माजं ऐक. त्या कॅनात गरम पानी हुतं. माज्या गुडघ्यास्नी शेकाय आनायचा, रोज. बोर्डिंगाचं पानी, न इचारता. तेवढी चोरी हाय. म्हनून त्यो गप ऱ्हायला. ती लिवून ठिव. तेलाची न्हाय."

लिहून ठेवली.

"टाकी खाली आली आसंल न्हवं आता? कळशी आन. पोरांस्नी उठीव, सगळ्यास्नी. झेंड्याच्या आदी. उरलेलं तेल काडायचं, आन् कळशी कळशी परत वतायचं. येका हाताला तुजी पट्टी, येका हाताला माजी काठी. पोरंच सांगतील कोन खरं."

रुद्राणीनं चहा दिला. त्यानं बशीत ओतला आणि उभ्यानंच प्यायला, बसला नाही. मग टेकत टेकत मागच्या अंगणात गेला.

चष्मा सापडला. डाव्या खिशातलं भाषण काढून टेबलावर ठेवलं आहे. उजव्या खिशातलं मला पाठ आहे.

अंगणातून आवाज येतोय. टाकीच्या पोटावर काठी. गुरू, गुरू, लघु. वरच्या खोल्यांत दिवे लागले, जिन्यावर पावलं वाजायला लागली. फाटकाशी कुणीतरी सायकल उभी केली.

कळशी माळ्यावर आहे. जातो.